कतारचा हजेरीपट

कतारच्या २००५ सालच्या नागरिकत्व कायद्यात एक वर्ष ठाण मांडून बसले आहे: १९३०. त्या वर्षाच्या आधीपासून या द्वीपकल्पावर राहत असलेले आणि १९६१चा नागरिकत्व कायदा येईपर्यंत इथले वास्तव्य टिकवून असलेले, ते मूळचे कतारी. त्यांची मुलेबाळे मूळची. नंतर येऊन नागरिक झालेल्यांचे नागरिकत्व वेगळ्या जातीचे. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये शूरा कौन्सिल या तिथल्या विधिमंडळासाठी पहिल्यांदा निवडणूक झाली, तेव्हा हा भेद उघड्यावर आला. मत कोणी द्यायचे आणि उमेदवार कोणी व्हायचे याचे नियम या मूळपणाशी बांधलेले होते. अल मुर्रा जमातीतल्या लोकांनी निषेध केला, काहींना अटक झाली. पुढे २०२४च्या नोव्हेंबरमध्ये सार्वमत घेऊन निवडणुकीची तरतूदच काढून टाकण्यात आली.

आजोबा कोणत्या साली कोणत्या पाणवठ्यावर होते, ही आपल्याकडे कुलवृत्तांतात लिहायची गोष्ट. तिथे ती मताची आणि हक्काची गोष्ट होते. म्हणून ‘कतारच्या इतिहासात काय घ्यायचे’ हा प्रश्न मला अभ्यासिकेतला वाटत नाही. त्यातच हा इतिहास आज अनेक हातांनी एकाच वेळी लिहिला जातो आहे. राष्ट्रीय संग्रहालय म्हाताऱ्यांच्या आठवणी चित्रित करून ठेवते. कतार नॅशनल लायब्ररी आणि ब्रिटिश लायब्ररी यांनी मिळून जुन्या इंडिया ऑफिसच्या दफ्तराची लाखो पाने २०१४ पासून सर्वांना खुली केली आहेत. परदेशी उत्खननकार वाळू उपसत आहेत, घराणी आपापल्या वंशावळी छापत आहेत, आणि तिथे राहून आलेले आमच्यासारखे लोकही काहीबाही लिहीत असतात.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. देशाच्या इतिहासात कोणाला घ्यायचे हे ठरवताना आपण नकळत नागरिकत्वाचाच कायदा लावतो. मूळचा कोण, पाहुणा कोण, कराराची मुदत संपल्यावर परत गेलेला कोण. ही कसोटी पासपोर्टच्या खिडकीवर ठीक आहे, इतिहासाला ती चालत नाही. ज्याच्या हातून ती जागा बदलली तो त्या जागेच्या इतिहासात आहे, त्याच्याजवळ कोणते कागद होते आणि तो किती दिवस राहिला याच्याशी त्याचा संबंध नाही.

हे मी का म्हणतो त्याचे एक घरगुती कारण आहे. माझा मामा चिपळूणजवळच्या गावातून १९७७ साली दोह्याला पाइपफिटर म्हणून गेला आणि अकरा वर्षांनी परत आला. तो वारल्यावर त्याच्या ट्रंकेत निळ्या एअरमेलच्या पत्रांचा गठ्ठा, ड्राफ्टांच्या पावत्या आणि एक फाटके ओळखपत्र निघाले. मामी म्हणाली, “जाळून टाकू का? कोणाच्या उपयोगाचं आहे?” मी गठ्ठा उचलून आणला. कोणाच्या उपयोगाचा, या तिच्या प्रश्नाचे उत्तर मी अजून शोधतो आहे.

कतारच्या लिखित इतिहासाचा माग काढू लागले की वाट मुंबईवरून जाते. इराणी आखातातली इंग्रजांची रेसिडेन्सी बुशहर बंदरात होती आणि १८७३ पर्यंत ती मुंबई सरकारच्या हाताखाली होती. १८६७ साली बहरीन आणि अबू धाबीच्या लोकांनी मिळून दोहा आणि वक्रा ही गावे लुटली, उद्ध्वस्त केली. त्या भांडणाचा निकाल लावायला रेसिडेंट लुईस पेली पुढच्या वर्षी आला आणि १२ सप्टेंबर १८६८ रोजी दोह्याचा शेख मोहम्मद बिन थानी याच्याशी त्याने एक करार केला. कतार हे बहरीनहून वेगळे आहे याची पहिली लिखित मान्यता म्हणून आज हा करार सांगितला जातो, आणि तसे सांगण्यात खोटे काही नाही. पण कराराचा कागद वाचला तर त्यात मान्यतेचा सूर कमी आणि हमीपत्राचा जास्त आहे. दोह्यात शांततेने राहीन, समुद्रावर लढाईला उतरणार नाही, तंटा झाला तर रेसिडेंटकडे नेईन, असे शेख लिहून देतो. त्याच सुमारास कतारच्या जमातींच्या प्रमुखांकडून बहरीनला वर्षाला ९,००० क्रान खंडणी देण्याचे वेगळे कबूल करून घेतलेले आहे. एका कागदात वेगळेपणा, दुसऱ्यात खंडणी. राष्ट्राच्या जन्मकथेला पहिला कागद सोयीचा, शेजाऱ्याच्या दाव्याला दुसरा. दोन्ही शेजारीशेजारी छापले, तर त्या वर्षी त्या किनाऱ्यावर खरोखर काय स्थिती होती ते कळते: एका लहान शेखाला तीन बलाढ्यांच्या मधून वाट काढायची होती आणि ती त्याने काढली.

त्याचा मुलगा शेख जासिम तर या कसरतीत बापाच्या पुढे गेला. १८७१ मध्ये उस्मानी तुर्कांचे सैन्य दोह्यात आले. जासिमने त्यांचा झेंडा स्वीकारला, कायमकाम ही त्यांची पदवीही घेतली आणि १८९३च्या मार्चमध्ये अल वजबाच्या लढाईत त्यांचाच पराभव केला. तरीही तुर्की शिबंदी १९१५ पर्यंत दोह्यात होतीच. आज १८ डिसेंबर हा राष्ट्रीय दिवस आहे तो १८७८ साली जासिमच्या हाती सूत्रे आली त्या घटनेचा. २००७ पर्यंत तिथे ३ सप्टेंबर साजरा होत असे, १९७१ साली इंग्रजांचे संरक्षण संपून स्वातंत्र्य मिळाले तो दिवस. देशाचा वाढदिवस बदलला की इतिहासातली माणसेही बदलतात. ३ सप्टेंबरच्या गोष्टीत इंग्रज अधिकारी, तेल कंपनी, फसलेले नऊ राज्यांचे संघराज्य यांना जागा असते. १८ डिसेंबरच्या गोष्टीत घोड्यावरचा संस्थापक येतो आणि बाकीचे मागे सरकतात. मला यात कारस्थान दिसत नाही. कोणत्याही तरुण राष्ट्राला आपला आरंभ आपल्याच माणसाच्या हातून झालेला हवा असतो, आणि शिवजयंतीच्या महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला ही ओढ समजावून सांगावी लागत नाही. पण १८ डिसेंबर घेतल्याने ३ सप्टेंबर पुसावा लागत नाही, एवढेच.

लॉर्ड कर्झनने १९०३ साली आखाताचा दौरा केला. त्याला या प्रदेशाची एक हाताशी ठेवण्याजोगी माहितीपुस्तिका हवी होती. ते काम जॉन गॉर्डन लॉरिमर या सनदी अधिकाऱ्याकडे आले आणि पुस्तिकेचा पसारा हजारो पानांचा झाला. भूगोलाचा भाग १९०८ मध्ये आणि इतिहासाचा १९१५ मध्ये कलकत्त्याच्या सरकारी छापखान्यात छापला गेला; मधल्या काळात लॉरिमर वारला आणि राहिलेले काम दुसऱ्याने पुरे केले. ते एकट्याचे कामही नव्हते. साहाय्यक अधिकारी, ठिकठिकाणचे वकील, दुभाषे, वाटाडे, व्यापारी अशा कितीतरी तोंडांची माहिती त्यात आहे, आणि मुखपृष्ठावर नाव एकाचे. ग्रंथ गुप्त होता. ज्यांच्या विहिरी, खजुरीची झाडे, उंट आणि बोटी त्यात मोजल्या होत्या, त्यांनी तो पुढची काही दशके पाहिलाही नाही.

आज कतारचा विसाव्या शतकाच्या आरंभीचा कोणताही इतिहास या ग्रंथाशिवाय लिहिता येत नाही. लोकसंख्या सुमारे २७ हजार, ती कोणत्या जमातीची किती, मोत्यांच्या ८१७ बोटी आणि त्यांवर जवळजवळ १३ हजार माणसे, हे सारे आकडे त्याचे. साम्राज्याला जे कळून घ्यायचे होते तेवढेच त्याने विचारले. लढायला माणसे किती निघतील, पाणी कुठे आहे, कोण कोणाला मानतो. बोटी चार-चार महिने समुद्रावर असताना गावात मागे कोण उरत होते आणि ते गाव कसे चालत होते, हे त्या मोजणीच्या कक्षेत नव्हते. गाव बायका चालवत होत्या.

इथे मला राजवाड्यांची आठवण येते. वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला घेतली आणि आपल्याला एक शिस्त लावली: बखर मागे, अस्सल कागद पुढे. बखरकार वर्षे चुकवतो, माणसे हलवतो, धन्याची तरफदारी करतो. कागद त्या वेळचा असतो. मराठी इतिहास-संशोधन या शिस्तीवर उभे राहिले आणि मी तिच्याकडे आदरानेच पाहतो. पण राजवाड्यांना सापडलेले कागद आपल्याच वाड्यांच्या माळ्यांवर होते, मोडीत होते, आपल्याच कारकुनांच्या हातचे होते. कतारमध्ये ही शिस्त जशीच्या तशी नेली तर काय होते? कागद बहुतेक परक्यांचा: इंग्रजाचा, तुर्काचा, तेल कंपनीचा. तिथल्या माणसांचा ठेवा तोंडी आहे. बोलीतली नबाती कविता, जमातींच्या आठवणी, बोटीवरच्या नह्हामची, म्हणजे गायकाची, गाणी. खुद्द शेख जासिम नबाती कवी होता. ‘कागद असेल तरच इतिहास’ असे म्हटले तर कतारचा इतिहास पेली आणि लॉरिमरच्या डोळ्यांनी लिहिला जातो. ‘आमची आठवण हाच आमचा इतिहास’ असे म्हटले तर तो ज्यांची आठवण जपली गेली त्यांचा होतो, म्हणजे सत्ताधारी घराण्याचा आणि मोठ्या जमातींचा. दोन्ही नियमांतून मोत्यासाठी बुडी मारणारा निसटतो.

त्या माणसापाशी थोडे थांबावे लागेल, कारण तेल निघण्याआधीचा कतार त्याच्या फुप्फुसांवर चालत होता. हंगामाआधी बोटीचा नाखुदा त्याला घर चालवायला उचल देई. हा नाखुदा आपल्या कोळीवाड्यातला नाखवाच. शब्द फारसी, समुद्र एकच. हंगाम संपल्यावर हिशेब होई, आणि उचल फिटली नाही की ती पुढच्या वर्षावर, कधी बाप मेल्यावर मुलावर चढे. मोती मुंबईला जात. आखातातल्या मोत्यांची मोठी पेठ ती. अरब व्यापाऱ्यांची हंगामी बिऱ्हाडे मुंबईत असत, व्यवहार रुपयांत होई. हा रुपया आखातात पुढे इतका मुरला की भारतीय रिझर्व्ह बँकेने १९५९ साली तिथल्यासाठी वेगळ्या नोटा काढल्या, आणि १९६६च्या जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाल्यावर कतारने तो सोडला. नाणे गेले, शब्द राहिले. आखाती अरबीत पंख्याला आजही ‘बनका’ म्हणतात, तिजोरीला ‘तजूरी’, सरळ जाण्याला ‘सीदा’. दोह्यात टॅक्सीवाल्याला एखादा म्हातारा कतारी ‘सीदा, सीदा’ म्हणतो तेव्हा शंभर वर्षांचा व्यापार बोलत असतो.

आता हा व्यापारी कोणाच्या इतिहासात? १८८०च्या दशकात दोह्यात बनिया व्यापारी होते. ते इंग्रजांची प्रजा, मोत्यांच्या व्यवहारातले प्रतिस्पर्धी. शेख जासिमने त्यांना टिकू दिले नाही. त्यावरून रेसिडेंटशी त्याचे खटके उडाले, भरपाईची मागणी झाली. राष्ट्रीय गोष्टीत हा परकीय हस्तक्षेपाला दिलेला नकार आहे. बनियाच्या बाजूने ती दुकान बंद करून गलबतात बसण्याची गोष्ट आहे. दोन्ही खऱ्या आहेत, आणि एकीशिवाय दुसरी नीट कळत नाही. जासिमचा राग समजायला बनियाचा पैसा किती खोल गेला होता हे कळावे लागते.

मग जपानचे कल्चर्ड मोती आले, जागतिक मंदी आली आणि मोत्यांचा धंदा बसला. लोक देश सोडून गेले. म्हणूनच १९३० हे वर्ष मला बोचते. त्या दशकात उपासमारीने बाहेर पडलेल्यांची नातवंडे परत आली, तेव्हा त्यांना आपण केव्हा गेलो आणि केव्हा आलो याचा पुरावा द्यावा लागला असेल. भूक मोजणारे रजिस्टर कोणी ठेवले नव्हते.

बोटींवर गुलामही होते. पूर्व आफ्रिकेतून आणलेले, बुडी मारून मिळालेली कमाई मालकाला देणारे. कतारमध्ये गुलामगिरी १९५२ साली, मालकांना भरपाई देऊन संपवली गेली. म्हणजे माझ्या आईच्या जन्माच्या आसपास. दोह्याच्या मुशैरिब भागात बिन जलमूद हाउस हे संग्रहालय आहे. एका गुलाम-व्यापाऱ्याच्या जुन्या घरात ते २०१५ साली उघडले, आणि त्यात हिंदी महासागरातल्या गुलामगिरीचा, कतारमधल्या गुलामगिरीचाही इतिहास मांडला आहे. त्या खोल्यांतून फिरताना मला प्रथम आदर वाटला. श्रीमंत आणि मानी राष्ट्राने आपल्या राजधानीच्या मधोमध हे सांगायचे ठरवले. आपल्या वाड्यांवर, किल्ल्यांवर लावलेल्या किती पाट्यांमध्ये कुणबिणींचा आणि बटकींचा उल्लेख आहे? पेशवाईच्या दफ्तरात त्यांच्या खरेदीविक्रीचे कागद आहेत, पाटीवर नाहीत.

पण याच संग्रहालयाने मला एक अवघड प्रश्नही दिला. मुक्त झालेल्या अनेकांनी मालकाच्याच घराण्याचे नाव पुढे चालवले. त्यांचे वंशज आज नागरिक आहेत, शेजारी आहेत, सोयरीक जुळवत आहेत. त्यांच्यातल्या एखाद्याने म्हटले, ‘हे उकरू नका, याचा त्रास आम्हाला होतो,’ तर इतिहास लिहिणाऱ्याने काय करावे? इथे मी माझ्या कसोटीला मुरड घालतो. गुलामगिरी कशी चालली, किती माणसे होती, कोणाला भरपाई मिळाली, हे लिहिलेच पाहिजे. त्यावर कोणाचा नकाराधिकार नाही. आजच्या कोणत्या कुटुंबाचा आजा गुलाम होता, हे त्या कुटुंबाने सांगितल्याशिवाय लिहू नये. मालकांच्या बाबतीत मात्र मला ही सवलत देववत नाही.

काय खरे मानायचे याची सर्वांत कठीण परीक्षा कतारने न्यायालयात दिली. हवार बेटे आणि झुबारा यांच्यावरून बहरीनशी असलेला वाद कतारने १९९१ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला. झुबारा हे वायव्य किनाऱ्यावरचे मोत्यांच्या व्यापाराचे बंदर. अठराव्या शतकात त्याची भरभराट केली ती कुवेतकडून आलेल्या अल खलिफा घराण्याने, आणि तेच घराणे पुढे बहरीनचे राज्यकर्ते झाले. १८११ मध्ये ते गाव उद्ध्वस्त झाले. म्हणजे भिंती कतारच्या भूमीवर, आणि आठवण बहरीनच्या राजघराण्याची. १९३७ मध्ये तिथल्या नईम जमातीला कतारच्या शेखाने बळाने आपल्याखाली आणले, तेव्हापासूनची सल वेगळी.

या खटल्यात कतारने जे पुरावे सादर केले, त्यांतल्या ८२ कागदांच्या अस्सलपणावर बहरीनने १९९७ साली आक्षेप घेतला. तज्ज्ञांनी ते तपासले. पुढे कतारने न्यायालयाला कळवले की या खटल्यापुरते ते ८२ कागद विचारात घेऊ नयेत. मार्च २००१ मध्ये निकाल लागला: झुबारा कतारचे, हवार बहरीनचे. दोन्ही देशांनी तो पाळला, आणि २०१३ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत झुबारा गेले ते कतारचे स्थळ म्हणून.

अनेक हातांनी इतिहास लिहिताना हे प्रकरण मला फार मोलाचे वाटते. ते ८२ कागद कतारच्या इतिहासात घ्यायचे की नाहीत? सोळाआणे घ्यायचे, पण पुरावा म्हणून नव्हे, घटना म्हणून. त्यांतल्या मजकुराच्या आधाराने एक ओळही लिहायची नाही. ते पुढे आले, त्यांच्यावर शंका घेतली गेली, ते बाजूला ठेवले गेले, आणि त्यांच्याशिवायही झुबाराचा निकाल कतारच्या बाजूने लागला, हे मात्र लिहायचे. कागद बाजूला ठेवायला धैर्य लागते. झुबारावरच्या हक्काचा पाया इतका मजबूत होता की त्याला त्या कागदांची गरजच नव्हती. आणि झुबाराच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या माणसाला अल खलिफांचे नाव मोकळेपणाने सांगितले, तर त्या निकालातली एक वीटही हलत नाही.

याहून कमी उजेड १९६३ सालावर आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये शेखघराण्यातल्या एकाने निदर्शकांवर गोळी झाडली आणि त्यातून नॅशनल युनिटी फ्रंट उभी राहिली. तेलातल्या कामगारांचा संप झाला. घराण्याचे विशेषाधिकार कमी करा, कामगार संघटनांना मान्यता द्या, नगरपालिका निवडून येऊ द्या, अशा मागण्या होत्या. पुढारी तुरुंगात गेले, काही देशाबाहेर. त्या मागण्यांत परदेशी कामगारांची भरती थांबवा, हीही होती. मी आखाती कामगाराचा भाचा आहे, तरी ही मागणी मला झाकून ठेवावीशी वाटत नाही. मूळच्या कतारी कामगाराचे पोट आणि परदेशी कामगाराचे पोट तिथे एकमेकांसमोर आले होते. आपल्याला प्रिय असलेल्या माणसांच्या विरुद्ध जाणारी ओळही लिहायची तयारी नसेल, तर सत्ताधाऱ्यांकडून ती अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

आता मामाच्या माणसांकडे येतो. १९७० च्या गणतीत कतारची लोकसंख्या सव्वा लाखाच्याही आत होती, आज ती तीस लाखांच्या घरात आहे आणि नागरिक दहात जेमतेम एक. सर्वांत मोठा गट भारतीयांचा. २ डिसेंबर २०१० रोजी विश्वचषक फुटबॉल कतारला मिळाला. त्यानंतर स्टेडियम, मेट्रो, रस्ते, लुसैलसारखे अख्खे शहर उभे राहिले ते याच लोकांच्या हातांनी. अंतिम सामना लुसैलमध्ये १८ डिसेंबर २०२२ रोजी झाला. राष्ट्रीय दिवशी.

त्या बांधकामात किती माणसे मेली? या एका प्रश्नावर जगभर जो झगडा झाला, तो अनेक हातांच्या इतिहासाचा ताजा धडा आहे. ‘गार्डियन’ने फेब्रुवारी २०२१ मध्ये ६,५०० हून अधिक हा आकडा छापला, त्यात भारतीय २,७११. तो भारत, पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश आणि श्रीलंका यांच्या सरकारी नोंदींवरून काढलेला, दहा वर्षांतला, सर्व कारणांच्या मृत्यूंचा होता. त्यात कारकून होते, दुकानदार होते, आजाराने गेलेले होते. कतारच्या आयोजकांनी स्टेडियमच्या कामावर ३ मृत्यू आणि त्या कामगारांचे कामाबाहेरचे ३७ असे सांगितले. नोव्हेंबर २०२२ मध्ये आयोजन समितीच्या प्रमुखांनी मुलाखतीत स्पर्धेशी निगडित कामांवरचा आकडा ४०० ते ५०० सांगितला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने फक्त २०२० या एका वर्षात कतारभर कामावरचे ५० मृत्यू आणि ५०६ गंभीर जखमी मोजले होते.

लोकांनी आपापल्या बाजूचा आकडा उचलला आणि दुसऱ्याला खोटारडे म्हटले. वास्तविक हे चार आकडे चार वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. इतिहासात एकच आकडा घ्यायचा हट्ट धरला की तो हट्ट कोणाच्या तरी बाजूने जातो. चारही घ्या, प्रत्येकाने काय मोजले आणि काय मोजले नाही ते त्याच ओळीत लिहा. आणि त्याखाली पाचवी गोष्ट लिहा जी या चारांहून मोठी आहे: कितीतरी तरुण माणसांच्या मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदय बंद पडले’, ‘नैसर्गिक कारण’ एवढेच लिहिलेले आहे आणि शवविच्छेदन झालेलेच नाही. उन्हात राबलेल्या तिशीतल्या माणसाचे हृदय का बंद पडले, हा प्रश्न दाखल्याने विचारला नाही, आणि म्हणून कोणताही आकडा तो भरून काढू शकत नाही. बुडी मारणाऱ्याची भूक जशी रजिस्टरबाहेर राहिली, तसे हे. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलायला मालकाच्या परवानगीची अट काढली आणि २०२१च्या मार्चपासून १,००० रियाल किमान वेतन लागू केले, तेही याच पानावर आले पाहिजे. ते बदल त्या मृत्यूंच्या चर्चेशिवाय आले नसते.

या सगळ्यावर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. कतारी माणूस म्हणेल: आम्ही आमच्याच देशात दहात एक आहोत. रस्त्यावर, दुकानात, दवाखान्यात आमची भाषा ऐकू येत नाही. आता इतिहासही तुम्ही तुमच्या माणसांनी भरणार? एक पुस्तक, एक संग्रहालय तरी आमचे राहू द्या. मुंबईत मराठीच्या काळजीत वाढलेल्या कोणाला हे दुःख परके वाटेल? मला नाही वाटत. पण माझी कसोटी डोकी मोजण्याची नाही. डोकी मोजली तर अल वजबाला पानभर आणि मेट्रोला शंभर पाने द्यावी लागतील. ते चूक होईल. कोणत्या काळात कोणामुळे काय पालटले, त्या मानाने जागा. १९४९ अखेर तेलाची पहिली निर्यात होईपर्यंतच्या पानांवर कतारी जमाती, बुडी मारणारे, गुलाम, बायका, मुंबईचे आणि इराणचे व्यापारी असतील. नंतरच्या पानांवर बाहेरून आलेले कामगार येतील, कारण नंतरचे शहर त्यांच्याशिवाय उभे राहिलेले नाही. कतारी माणसाची गोष्ट याने लहान होत नाही. इतक्या थोड्या लोकांनी एवढा पालट अंगावर घेतला आणि आपली भाषा, आपली मजलिस, आपले नाते टिकवले, हे त्याच पार्श्वभूमीवर दिसते.

हीच कसोटी मला घरी आणावी लागते. चिपळूणच्या पाइपफिटरला दोह्याच्या इतिहासात जागा मागायची, तर मुंबईची घरे बांधायला तेलंगणातून आलेल्या कामाठ्यांना मुंबईच्या इतिहासात जागा द्यावी लागते. त्यांच्या नावाचा कामाठीपुरा आपण भलत्याच कारणासाठी लक्षात ठेवला. हंगामाला येऊन मोती विकणारा अरबही त्या इतिहासात येतो, आणि आज मेट्रोच्या बोगद्यात काम करणारा बिहारी, ओडिया मजूरही. भूमिपुत्र हा शब्द हक्कांच्या भांडणात वापरायचा तेवढा वापरा. इतिहासाच्या अनुक्रमणिकेत त्याला १९३० सालासारखे बसवू नका.

मामाची पत्रे मी दोनदा वाचली. तो हिशेबी माणूस होता, मनातले फारसे लिहीत नसे. ड्राफ्ट पाठवला आहे, आईचे डोळे दाखवा, पाऊस कसा आहे. मधूनमधून कामाचे लिहितो. १९७९च्या एका पत्रात आहे की समुद्राच्या बाजूला नवा रस्ता होतो आहे, त्याच्याखाली पाण्याची मोठी लाइन टाकतोय, खणताना दोन हातांवर खारे पाणी लागते आणि मोटार लावून उपसावे लागते, चौदा जणांची गँग आहे, त्यांत आपल्याकडचे तिघे. तिघांची नावे लिहिली आहेत. रस्त्याचे नाव त्याने लिहिलेले नाही. मी जुने आणि नवे नकाशे समोर ठेवून पाहिले. भराव घालून किनारा तिथे पुढे सरकला आहे, रस्त्यांची नावे बदलली आहेत. अदमासाने तीन जागा निघतात. पत्राच्या झेरॉक्ससोबत त्या तिन्ही मी लिहून ठेवल्या आहेत, प्रत्येकीपुढे प्रश्नचिन्ह टाकून.